सीटी स्कॅनच्या रिपोर्टमधले शब्द – डोकं, छाती, पोट: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी रेडिओलॉजिस्ट आहे, दिवसभर सीटीचेच रिपोर्ट लिहिते, आणि संध्याकाळी फोन उघडला की व्हॉट्सअ‍ॅपवर रिपोर्टचे फोटो आलेले असतात, एका ओळीभोवती लाल गोल आणि खाली "मॅडम, हे सिरियस आहे का?" त्या लाल गोलातली ओळ बऱ्याचदा अगदी किरकोळ असते आणि जिच्याकडे बघायला हवं ती दोन ओळी खाली तशीच पडलेली असते. तोच शब्द एकाच्या रिपोर्टमध्ये काही नसतो आणि दुसऱ्याच्या रिपोर्टमध्ये मोठी गोष्ट असते, कारण पेशंटचं वय काय, तक्रार काय आणि जुन्या स्कॅनमध्ये काय होतं यावर सगळं ठरतं. पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केलेत. तुम्हाला तपासलेल्या डॉक्टरांचा सल्ला याच्या वरचा.

अचानक तोंड वाकडं झालं, एका बाजूचा हात-पाय लुळा पडला, बोलणं अडखळलं किंवा आयुष्यात कधी दुखलं नाही असं डोकं एका क्षणात दुखायला लागलं तर वाचत बसू नका, १०८ ला फोन करा.

१. रिपोर्ट हातात आलाय, चार पानं आहेत, नक्की काय वाचायचं?

शेवटचा "इम्प्रेशन" वाचा. वरच्या "फाइंडिंग्ज"मध्ये आम्ही दिसलेलं सगळं लिहितो, तिथे हाड झिजल्यापासून छोट्या सिस्टपर्यंत (सिस्ट म्हणजे पाण्याची पिशवी) काहीही असतं, आणि त्यातलं जे महत्त्वाचं वाटतं ते इम्प्रेशनमध्ये, साधारण महत्त्वाच्या क्रमाने.

पण त्याच्याही आधी सगळ्यात वरची "हिस्टरी"ची ओळ बघा, ती कोणीच बघत नाही. तिथे फक्त "डोकेदुखी" लिहिलंय आणि खरं तर बाबा आठवड्यापूर्वी बाथरूममध्ये पडले होते, तर ते सेंटरला सांगा. काय शोधायचंय हे माहीत असलं की त्याच फिल्म आम्ही वेगळ्या बारकाईने बघतो, हे अगदी मनापासून सांगते.

२. हायपोडेन्स, हायपरडेन्स म्हणजे काय? हायपरडेन्स म्हणजे कॅन्सर का?

नाही. आजूबाजूपेक्षा काळं दिसतं ते हायपोडेन्स, पांढरं दिसतं ते हायपरडेन्स, एवढंच. सीटीवर प्रत्येक ठिपक्याला एक आकडा असतो: पाणी ०, हवा उणे १०००, चरबी साधारण उणे १००, ताजं गोठलेलं रक्त ५० ते ७०, हाड काही शेकड्यांपासून हजाराच्या पुढे. या आकड्यांना गॉडफ्रे हाउन्सफील्ड यांचं नाव आहे, त्यांच्या मशीनवर १९७१ मध्ये लंडनमधल्या विम्बल्डनच्या हॉस्पिटलात पहिल्या पेशंटच्या डोक्याचा स्कॅन झाला आणि १९७९ मध्ये अ‍ॅलन कॉरमॅक यांच्यासोबत त्यांना नोबेल मिळालं.

प्रत्यक्षात आम्ही काय करतो तर किडनीत काळा गोल दिसला की माऊसने त्याच्या आत एक छोटं वर्तुळ काढतो, आकडा येतो ६ किंवा ८, म्हणजे आत पाण्यासारखं काहीतरी आहे, साधी सिस्ट. तोच आकडा ४० आला तर आत घट्ट काहीतरी असू शकतं, मग कॉन्ट्रास्ट (शिरेतून द्यायचं औषध) देऊन तो आकडा वाढतो का बघायचं. काळं की पांढरं यापेक्षा हा आकडा आणि त्याचं वागणं महत्त्वाचं.

३. प्लेन सीटी आणि कॉन्ट्रास्ट सीटी यात चांगली कोणती? इंजेक्शनने किडनी जाते का?

चांगली-वाईट नाही, काय शोधायचंय त्यावर आहे. डोक्याला मार, ताजा रक्तस्राव, मुतखडा यासाठी प्लेन पुरते. गाठ, इन्फेक्शन, रक्तवाहिन्या बघायच्या असतील तर कॉन्ट्रास्ट लागतो. तो आयोडीनवाला असतो, शिरेतून जाताना अंग गरम होतं, तोंडात धातूसारखी चव येते, लघवी झाल्यासारखं वाटतं, मिनिटभरात जातं, घाबरू नका.

किडनी नीट असलेल्या माणसाला काळजीचं कारण नसतं. क्रिएटिनिन आधी मागतात ते त्यासाठीच, त्यावरून काढलेला ईजीएफआर, म्हणजे किडनी किती गाळते त्याचा आकडा, ३० च्या खाली असेल तर डॉक्टर विचार करून ठरवतात, आणि अशा वेळी मेटफॉर्मिन ही शुगरची गोळी ४८ तास बंद ठेवायला सांगतात. पूर्वी कॉन्ट्रास्टने अंगावर पित्त उठलं असेल, दम लागला असेल तर टेबलवर झोपायच्या आधी सांगा. दमा असेल तरी सांगा. मासे-कोळंबीच्या अ‍ॅलर्जीचा मात्र आयोडीनशी संबंध नाही, कोकणातून हा प्रश्न फार येतो. अंगावर पाजणाऱ्या आईने दूध बंद करायची गरज नसते.

४. आईचं वय ७४, रिपोर्टमध्ये "एज रिलेटेड सेरेब्रल अ‍ॅट्रॉफी" आलंय. मेंदू सुकलाय का? विसरभोळेपणा होणार?

वयाबरोबर मेंदूचं आकारमान थोडं कमी होतं, घड्यांमधली जागा थोडी रुंद दिसते, सत्तरीनंतर हे वाक्य बहुतेक रिपोर्टमध्ये असतं. यावरून डिमेन्शिया ठरत नाही. डिमेन्शिया कळतो तो माणसाकडे बघून: रोजचा रस्ता चुकतात का, पैशाचा हिशोब जमतो का, तेच तेच विचारतात का. आई नीट वागतेय, स्वयंपाक करतेय, नातवंडांची नावं सांगतेय तर या ओळीसाठी काहीही करायचं नाही, आणि तिच्यासमोर "तुझा मेंदू सुकलाय" असं म्हणू तर अजिबात नका, ती रात्र रात्र झोपत नाही त्या शब्दाने.

हेच पन्नाशीच्या आत आलं किंवा वयाच्या मानाने जास्त आहे असं लिहिलं असेल तर न्यूरोलॉजिस्टला दाखवा. दारू, बी-१२ ची कमतरता, थायरॉइड या गोष्टी तपासल्या जातात.

५. "स्मॉल व्हेसल इस्केमिक चेंजेस" आणि "ओल्ड लॅक्युनर इन्फार्क्ट" लिहिलंय. कळलंच नाही आणि पॅरालिसिस होऊन गेला?

हो, लॅक्युनर इन्फार्क्टच्या बाबतीत असं होतं. मेंदूच्या अगदी बारीक रक्तवाहिनीत अडथळा येऊन दीड सेंटिमीटरच्या आतला एक ठिपका मरतो, जागा अशी असते की बाहेर काही जाणवत नाही, आणि वर्षांनी भलत्याच कारणाने केलेल्या सीटीत सापडतो. स्मॉल व्हेसल चेंजेस म्हणजे त्याच बारीक नळ्यांवर बीपी, शुगर आणि वयाचा झालेला परिणाम.

या दोन ओळींना लाल गोल करा असं मी स्वतः सांगेन, कारण यावर करण्यासारखं खूप आहे. बीपी घरी मोजा, लिहून ठेवा, शुगर आणि कोलेस्टेरॉल बघा, तंबाखू-मिश्री-सिगारेट बंद. अ‍ॅस्पिरिन स्वतःच्या मनाने सुरू करू नका, कोणाला ती लागते आणि कोणाला त्याने रक्तस्रावाचा धोका वाढतो हे फिजिशियन ठरवतात.

६. बाबांचा उजवा हात गेला, लगेच सीटी केला, रिपोर्ट नॉर्मल. मग सीटी चुकला का?

चुकला नाही. नळी बंद होऊन आलेला लकवा पहिल्या काही तासांत सीटीवर दिसत नाही किंवा फार पुसट दिसतो, मेंदूचा तो भाग काळा दिसायला वेळ लागतो. तरीही सीटी आधी करतात कारण डॉक्टरांना त्या क्षणी एकच गोष्ट हवी असते, आत रक्तस्राव आहे की नाही. रक्तस्राव नसेल तर गुठळी विरघळवायचं इंजेक्शन देता येतं, आणि ते लक्षणं सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आत. मोठी नळी बंद असेल तर निवडक पेशंटमध्ये २४ तासांपर्यंत कॅथेटरने गुठळी काढता येते. म्हणजे अशा वेळी "नॉर्मल" रिपोर्ट हा पुढच्या उपचारासाठी हिरवा सिग्नल असतो, घरी जायची परवानगी नाही. "सीटी नॉर्मल आहे, सकाळी बघू" म्हणून पेशंट परत नेलेला मी बघितलाय आणि तेव्हा जे तास गेले ते परत येत नाहीत, म्हणून हे इतकं लांबवून सांगतेय.

७. मुलाला फिट आली, "रिंग एनहान्सिंग लेजन" निघालं. आम्ही शाकाहारी आहोत तरी डुकराच्या मांसातली अळी कशी?

रिंग एनहान्सिंग लेजन म्हणजे कॉन्ट्रास्ट दिल्यावर कडेने कड्यासारखी पांढरी दिसणारी छोटी गाठ. अळी मेंदूत जाते (त्या आजाराचं नाव न्यूरोसिस्टिसर्कोसिस) ती मांस खाऊन नाही. ज्याच्या आतड्यात टेपवर्म आहे अशा माणसाच्या शौचातून अंडी बाहेर पडतात, ती पाण्यातून, न धुतलेल्या भाजीतून, कोथिंबिरीतून, हातावरून कोणाच्याही पोटात जाऊ शकतात. शाकाहारी घरातही हे होतं.

भारतात फिट आलेल्या तरुणांमध्ये आणि मुलांमध्ये एकच छोटी रिंग हे सीटीवर नेहमी दिसणारं चित्र आहे, वेल्लोरच्या सीएमसीने त्यावर बरंच काम केलंय. दुसरी शक्यता टीबीची गाठ, ट्युबरक्युलोमा. साधारण २० मिलिमीटरपेक्षा छोटी, गोल, कडा रेखीव असेल तर अळीकडे कल, त्याहून मोठी, वेडीवाकडी, भोवती सूज जास्त असेल तर टीबीचा विचार. कधी कधी आत एक पांढरा ठिपका दिसतो, ते अळीचं डोकं, तो दिसला की मग शंका राहत नाही. बऱ्याचदा एमआरआय लागतो.

रिपोर्टमध्ये "कॅल्सिफाइड ग्रॅन्युलोमा" असेल तर ती मेलेली, चुना झालेली जुनी जखम. अळीचं औषध तिला लागत नाही. पण तिच्यामुळे फिट येऊ शकते, म्हणून फिटची गोळी डॉक्टरांना न विचारता बंद करायची नाही.

८. मेंदूत "कॅल्सिफिकेशन" आहे म्हणे, कॅल्शियमच्या गोळ्या बंद करू का?

गोळ्यांचा काही संबंध नाही. पिनियल, कोरॉइड प्लेक्सस, फाल्क्स या मेंदूतल्या ठिकाणी मोठ्या माणसांत चुना साठलेला दिसणं नॉर्मल आहे. बेसल गँग्लिया, म्हणजे मेंदूचा खोलवरचा भाग, म्हटलं असेल तर साठीनंतर सहसा दुर्लक्ष करतात, चाळिशीच्या आत असेल तर रक्तातलं कॅल्शियम आणि पॅराथायरॉइड एकदा बघून घेतात. कॅल्सिफाइड ग्रॅन्युलोमा वेगळा, तो वर ७ मध्ये.

९. डोकं दुखतं म्हणून सीटी केला, फक्त "सायनसमध्ये म्युकोसल थिकनिंग, डीएनएस" आलं. डोकेदुखी त्याचीच ना?

बहुतेक नाही. नाकाचा पडदा थोडा वाकडा आणि सायनसच्या अस्तराला थोडी सूज हे तक्रार नसलेल्या माणसांतही सर्रास दिसतं. मायग्रेनमध्ये सीटी नॉर्मलच येतो. फक्त या ओळीवरून नाकाचं ऑपरेशन ठरवू नका.

१०. गाडीवरून पडला, सीटी नॉर्मल, घरी सोडलं. आता निर्धास्त राहू का?

पहिले २४ तास कोणीतरी सोबत राहा. उलट्या होत राहिल्या, उठवून नीट उठत नाही, बोलणं विचित्र, डोकेदुखी वाढत चालली, फिट आली तर परत न्या. रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील तर सीटी नॉर्मल असूनही जास्त जपावं लागतं, नंतर रक्तस्राव होऊ शकतो, हे डॉक्टरांना ठळक सांगा.

वयस्कर माणसांत एक गोष्ट फसवते. पडणं किरकोळ असतं, विसरूनही जातात, आणि तीन-चार आठवड्यांनी चालताना तोल जातो, दिवसभर झोप येते, बोलणं असंबद्ध होतं. घरचे म्हणतात वय झालं. सीटीत कवटीच्या आतल्या बाजूने चंद्रकोरीसारखा पट्टा दिसतो, तो क्रॉनिक सबड्युरल हिमॅटोमा. ताजं रक्त पांढरं दिसतं, दोन-तीन आठवड्यांनी मेंदूच्याच रंगाचं होतं आणि नजरेतून निसटू शकतं, नंतर काळं. न्यूरोसर्जन कवटीला छोटं छिद्र पाडून ते रक्त काढतात आणि पुष्कळ पेशंट चांगले सावरतात. म्हणून ७० च्या पुढच्या माणसाचं वागणं काही आठवड्यांत बदललं तर "कधी पडले होते का" हा प्रश्न घरात विचारा.

११. छातीच्या सीटीत "फायब्रोटिक बँड्स इन अपर लोब". १५ वर्षांपूर्वी टीबी झाला होता, परत झाला का?

या ओळीवरून नाही. बऱ्या झालेल्या टीबीचा व्रण फुप्फुसाच्या वरच्या भागात कायम राहतो, कॅल्सिफाइड ग्रॅन्युलोमा आणि चुना झालेल्या लिम्फ नोड्सही तसेच. टीबी नव्याने चालू आहे का असं वाटायला लावणारे शब्द वेगळे: "ट्री इन बड नोड्यूल्स", "कॅव्हिटी", "कन्सॉलिडेशन", "नेक्रोटिक नोड्स". तेही दिसले तरी नक्की थुंकी तपासूनच होतं, त्यासाठीची सीबीनॅट ही टेस्ट सरकारी दवाखान्यात मोफत आहे. सीटी एकट्यावर औषधं सुरू करायची वेळ कमी येते.

इथे जुनी फिल्म सोन्याच्या किमतीची आहे. पाच वर्षांपूर्वीच्या एक्स-रेमध्ये तोच व्रण तसाच असेल तर विषय तिथेच संपतो. ट्रंकेत, कपाटावर, गादीखाली जिथे असेल तिथून काढून आणा.

१२. "५ एमएमचा नोड्यूल" आहे, आम्ही सगळे घाबरलोय.

नोड्यूल म्हणजे फुप्फुसातली छोटी गाठ, आणि इतके छोटे नोड्यूल बहुतांश निरुपद्रवी असतात, आपल्याकडे तर जुन्या इन्फेक्शनचे खूप. फ्लाइशनर सोसायटी या छातीच्या रेडिओलॉजीच्या संस्थेचे २०१७ चे नियम साधारण असे: ६ मिलिमीटरच्या खालचा एकच घट्ट नोड्यूल आणि धोका कमी, तर परत सीटीची गरज नाही, सिगारेट ओढणाऱ्यांत वर्षाने एकदा बघता येतो. ६ ते ८ असेल तर ६ ते १२ महिन्यांनी सीटी. ८ च्या पुढे तीन महिन्यांनी सीटी, पेट सीटी किंवा बायोप्सी यातलं काय ते डॉक्टर ठरवतात.

हे नियम ३५ च्या आतल्यांना, आधी कॅन्सर झालेल्यांना आणि प्रतिकारशक्ती कमी असलेल्यांना लागू नाहीत, त्यांचा हिशोब वेगळा. आणि ५ चा ६ झाला म्हणून लगेच वाढला असं नाही, ते २१ मध्ये वाचा.

१३. २०२१ मध्ये कोविडच्या वेळी सीटी स्कोअर १४/२५ होता, फुप्फुस अजून खराब असेल का?

तो स्कोअर त्या दिवशी किती भाग व्यापला होता ते सांगत होता, आजचं काही सांगत नाही. दम लागत नसेल, ऑक्सिजन नीट असेल तर केवळ कुतूहलापोटी परत सीटी नको. दम लागत असेल तर छातीच्या डॉक्टरांकडे जा, आधी फुंकायची टेस्ट होईल.

१४. मुतखड्यासाठी सीटी केला, त्यात फॅटी लिव्हर पण निघालं. काही करायला हवं?

करायला हवं. प्लेन सीटीत लिव्हर शेजारच्या प्लीहेपेक्षा काळं दिसलं की चरबी आहे असं आम्ही म्हणतो. लोक हसून सोडून देतात कारण दुखत नाही. पोट सुटलेलं, शुगर, वजन जास्त असेल तर एलएफटी, म्हणजे लिव्हरची रक्ततपासणी, करा, लिव्हर कडक होतंय का यासाठी फायब्रोस्कॅन लागतो का विचारा. वजन ७ ते १० टक्के कमी केलं तर लिव्हरमध्ये फरक पडतो. दारू असेल तर ती बंद, "थोडी" सुद्धा.

१५. लिव्हरमध्ये "हिमँजिओमा", किडनीत "बॉस्नियाक १ सिस्ट". ऑपरेशन?

हिमँजिओमा म्हणजे रक्तवाहिन्यांचा साधा गुच्छ, कॉन्ट्रास्ट कडेकडेने भरत मधे जातो त्यावरून ओळखतो, सहसा काहीच करत नाहीत. पण पेशंटला हिपॅटायटिस बी किंवा सिरोसिस असेल तर लिव्हरमधली कुठलीही गाठ हिमँजिओमा म्हणून सोडत नाहीत, नीट तपासतात.

बॉस्नियाक ही किडनीच्या सिस्टची १ ते ४ अशी वर्गवारी, त्यात १ आणि २ सोडून द्या. २ एफ असेल तर ठरावीक काळाने परत स्कॅन, ३ आणि ४ असेल तर युरॉलॉजिस्टकडे लगेच, त्यात कॅन्सरची शक्यता खरी असते.

लिव्हरच्या सिस्टमध्ये एक अपवाद, हायडॅटिड. मेंढ्या आणि कुत्री यांच्याजवळ राहणाऱ्या कुटुंबांत दिसते, सिस्टच्या आत छोट्या सिस्ट असतात. तशी शंका लिहिली असेल तर पुरेशा तयारीशिवाय कोणालाही त्यात सुई घालू देऊ नका.

१६. सोनोग्राफीत पित्ताशयात खडे होते, सीटीत नाहीत. विरघळले?

नाही. पित्ताचे बरेच खडे सीटीवर पित्ताच्याच रंगाचे असल्याने दिसत नाहीत, तिथे सोनोग्राफी वरचढ. मुतखड्यात उलटं, प्लेन सीटीत जवळजवळ सगळे दिसतात. ५ मिलिमीटरपर्यंतचा मुतखडा बऱ्याचदा आपणहून पडतो, १० च्या पुढचा क्वचितच. खडा अडकून किडनी फुगली आहे, म्हणजे "हायड्रोनेफ्रोसिस", आणि थंडी वाजून ताप आला तर त्याच रात्री हॉस्पिटल, पाणी पीत वाट बघायची नाही.

१७. मुलीच्या पोटात "मेसेन्टेरिक लिम्फ नोड्स" आलेत. गाठी म्हणजे टीबी?

मुलांच्या पोटात छोट्या लिम्फ नोड्स असतातच, जुलाब किंवा व्हायरल तापानंतर थोड्या मोठ्या होतात. गाठी एकमेकींना चिकटलेल्या, मधे काळ्या पडलेल्या, सोबत वजन घटतंय, ताप जात नाही, पोटात पाणी, असं असेल तर टीबीचा शोध घेतात.

१८. "इलिओसीकल थिकनिंग, टीबी व्हर्सेस क्रोन्स". एका डॉक्टरांनी टीबीची औषधं सुरू करू म्हटलं.

क्रोन्स म्हणजे आतड्याला दीर्घकाळ सूज येणारा आजार. लहान आणि मोठं आतडं जुळतं तिथे दोन्ही आजार सीटीवर जुळ्यांसारखे दिसतात, म्हणून आम्ही दोन्ही नावं लिहितो, ते टाळाटाळ म्हणून नाही. शक्य असेल तर औषधांच्या आधी कोलोनोस्कोपी आणि बायोप्सी करून घ्या. एकदा टीबीचं औषध पोटात गेलं की नंतर तुकड्यात जंतू सापडणं अवघड होतं, आणि क्रोन्सच्या पेशंटचे महिने वाया जातात.

१९. पोटदुखीसाठी सीटी, आणि किडनीच्या वर "अ‍ॅड्रिनल अ‍ॅडिनोमा".

ही अ‍ॅड्रिनल ग्रंथीतली साधी गाठ. प्लेन सीटीत आकडा १० च्या खाली असेल तर आत चरबी आहे, निरुपद्रवी. तरी हार्मोनच्या तपासण्या एकदा होतात, खास करून बीपी तरुण वयात किंवा तीन गोळ्यांनीही आटोक्यात नसेल तर.

२०. वर्षात तीन सीटी झाले, रेडिएशनने कॅन्सर होईल?

डोक्याच्या सीटीचा डोस साधारण २ मिलिसिव्हर्ट, छातीचा ६ च्या आसपास, पोटाचा ८ ते १०. निसर्गातून आपल्याला वर्षाला सरासरी २.४ मिळतंच. धोका अगदी शून्य नाही पण फार छोटा, आणि गरजेचा सीटी टाळण्याचा धोका त्याहून कितीतरी मोठा. मुलांच्या बाबतीत मात्र "सोनोग्राफी किंवा एमआरआयने भागेल का" हे जरूर विचारा, आणि पाळी चुकली असेल तर आधी सांगा. स्कॅननंतर अंगात किरण उरत नाहीत, लगेच बाळाला घेता येतं.

२१. दोन सेंटरचे रिपोर्ट वेगळे, एकात नोड्यूल ५ दुसऱ्यात ७. कोणावर विश्वास ठेवायचा?

आधी बघा दोन्ही स्कॅन सारखे होते का. एक प्लेन एक कॉन्ट्रास्ट, एकात काप ५ मिलिमीटरचे दुसऱ्यात १ चे, तर जाड कापांत छोटी गाठ अर्धी निसटते. तीच गाठ दोन जणांनी मोजली तरी एक-दीड मिलिमीटरचा फरक येतो. म्हणून रिपोर्टचा आकडा आकड्याशी जुळवू नका, चित्र चित्राशी जुळवायला हवं.

सीडी मागून घ्या, मोबाइलवर काढलेला फिल्मचा फोटो चालत नाही, त्यात आम्हाला आकडे मोजता येत नाहीत. दोन्ही सीडी एकाच रेडिओलॉजिस्टकडे द्या आणि तुलना करून लेखी द्या म्हणा, रिपोर्टला "अ‍ॅडेंडम", म्हणजे पुरवणी, जोडता येतो, मागायला संकोच नको. ऑपरेशन झालं असेल तर बायोप्सीचा कागदही न्या, आणि पुढचा फॉलो-अप शक्यतो त्याच सेंटरवर, त्याच पद्धतीने करा.